चंचल मुलाचा पियानो



"ताई, तो पियानो आता विकून टाकते," माझी धाकटी बहीण एके दिवशी म्हणाली. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. वर्षभर शिकवणी झाली, पण पाच मिनिटे झाली की तो बाकावरून उठे, खिडकीपाशी जाई, वही कुठे ठेवली ते विसरे. मुलगा आळशी आहे, असे सर्वांचे मत झाले. खरे सांगते, मी शिक्षिका असूनही माझे मत तेच होते. कारण गणेशचतुर्थीला जाखडी सुरू झाली की हाच मुलगा तासभर ढोलकीजवळून हलत नसे. मग पियानोवरच का बसत नाही?

पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितले की त्याला ए.डी.एच.डी. आहे. लक्ष हवे तेथे टिकवता न येणे, उतावळेपणा, सतत चुळबुळ, ही त्याची लक्षणे. ज्यात मन रमते तेथे अशा मुलाचे लक्ष टिकते, म्हणून लोकांना तो आळस वाटतो. पण हा आळस नव्हे आणि आईबापांनी लावलेले वाईट वळणही नव्हे. मेंदूच्या वाढीतच हा वेगळेपणा असतो आणि पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो. काही मुले, विशेषतः मुली, दंगा न करता गप्प बसून हरवतात. त्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

पियानो अशा मुलाला जड जातो. दोन्ही हात वेगळे चालवायचे, दोन ओळी एकदम वाचायच्या, मनात ताल मोजायचा. पण त्यात एक गुणही आहे. पट्टी दाबताच स्वर वाजतो आणि चूक कानाला लगेच कळते.

पियानोच्या बाईंशी बोलून आम्ही रीत बदलली. अर्ध्या तासाऐवजी दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे. पेट्झोल्ड यांचा जी मेजरमधील मिन्युएट, जो पूर्वी बाख यांचा समजत, त्याचे ३२ बार आहेत. ते दोन-दोन करून घेतले. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही, अगदी सावकाश. शेवटचे दोन बार प्रथम शिकवले, म्हणजे पुढे जाताना वाट ओळखीची होत जाते. वही पियानोवरच उघडी, टेलिव्हिजन बंद, आणि मध्ये अंगणात एक फेरी मारण्याची मुभा.

पियानोने हा त्रास बरा होत नाही. डॉक्टरांचा सल्ला सोडू नये. आजही काही दिवस तो चिडतो, उठून जातो. पण गेल्या रविवारी त्याने पहिले १६ बार न थांबता वाजवले. बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. पियानो विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मला मात्र माझ्या वर्गातली ती मुले आठवली, ज्यांना मी "लक्ष दे" म्हणून कोपऱ्यात उभे केले. पालकहो, शिक्षकहो, मुलाला आळशी म्हणण्याआधी एकदा त्याला विचारा की नेमके कुठे अडते.