विषबाधेची पन्नास वर्षं

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन बारक्या पुस्तिकांच्या रूपात आला. त्यात ‘सेव्हिंग थ्रो’चा, म्हणजे फासा टाकून बचावण्याचा, एक तक्ता होता. विष आणि मृत्युकिरण त्यात एकाच रकान्यात बसवले होते, यावरूनच खेळाचा नूर कळावा. मेड्युसाकडे बघितलं आणि फासा कमी पडला, की पात्राची शिळा. घूलने स्पर्श केला की अंग लुळं. या स्पर्शातून सूट फक्त एल्फ मंडळींना. (ही सूट २०१४च्या नियमांतही शाबूत आहे! वशिला असावा तर असा.) पण खेळाडू खरे टरकायचे ते व्हॅम्पायरला. तो कमावलेल्या लेव्हलच काढून घ्यायचा.

हे परिणाम तेव्हा विखुरलेले होते: काही मंत्राच्या वर्णनात, काही राक्षसाच्या. ते नीट नावानिशी एका यादीत आले २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत. शिस्त आली, पण डोकेदुखीही. २००३च्या सुधारित नियमांत भीतीच्याच तीन पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीचे परिणाम लक्षात ठेवायचे. तरी त्याच सुधारणेत एक मोलाची गोष्ट घडली. ‘होल्ड पर्सन’ या मंत्राने जखडलेल्याला दर फेरीला सुटकेचा नवा प्रयत्न मिळू लागला. त्याआधी जखडला गेलेला खेळाडू मंत्र संपेपर्यंत चिवडा खात इतरांचा खेळ बघत बसे. माझ्या मते या खेळातली सगळ्यात वाईट बाधा तीच: विष परवडलं, पण नुसतं बसणं नको.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने हा विचार टोकाला नेला. बहुतेक चिवट परिणामांना एकच नियम: आपला डाव संपताना वीस बाजूंचा फासा टाका, दहा किंवा जास्त पडले की सुटलात. जुन्या खेळाडूंनी या आवृत्तीला भरपूर नावं ठेवली. पण २०१४च्या पाचव्या आवृत्तीने डाव संपताना पुन्हा प्रयत्न करण्याची सोय अनेक मंत्रांत ठेवलीच. मेड्युसाही मवाळ झाली. आता बहुतेक वेळा आधी हालचाल अडते, दुसऱ्यांदा चुकलात तरच दगड. विषबाधेत हल्ल्यासाठी आणि क्षमतेच्या चाचणीसाठी दोन फासे टाकून कमी पडेल तो धरायचा, बस्स. दमणुकीला मात्र सहा पायऱ्या आहेत आणि सहावीवर मरण.

‘पाथफाइंडर’ या तशाच दुसऱ्या एका खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीने बाधेला आकडाच चिकटवला. भीती २ असेल, तर डाव संपताना ती १ होते. खेळाडू घाबरलेला असतो, पण खेळत असतो. मला आजवरचा सर्वांत नेटका तोडगा हाच वाटतो. नव्याने डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, होणाऱ्यांना एवढीच विनंती: राक्षस निवडताना त्याचा घाव किती खोल, याआधी तो कुणाला किती फेऱ्या गप्प बसवणार, ते बघा.