‘पीत नाही’ या उत्तराचा अर्थ

वृद्ध पुरुषांचे मद्यपान आणि त्यांची शारीरिक कार्यक्षमता यांचा संबंध तपासताना मुठीच्या पकडीचे बळ, चालण्याचा वेग आणि आधाराविना उठण्याची क्रिया यांचे मोजमाप करतात. ही मापने यंत्राने व घड्याळाने होतात. मद्यपानाची माहिती मात्र बहुधा प्रश्न विचारूनच मिळवावी लागते. येथे भाषेचा संबंध येतो.

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या ठाकूर वा कातकरी वाडीवर वृद्धाने ‘दारू पीत नाही’ असे सांगितले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. त्याने ती कधीच घेतली नसेल, किंवा पूर्वी घेऊन आता सोडली असेल. वर्तमानकाळाचे हे नकारार्थी रूप चालू सवय तेवढी सांगते. गतकालाविषयी ते मौन पाळते.

हे मौन शास्त्रीय निष्कर्षाला बाधक ठरते. दारू सोडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण प्रकृती ढासळल्यामुळेच ती सोडतात. त्यांची गणना आजन्म न पिणाऱ्यांत केली, तर तो गट दुर्बल दिसतो व बेताने पिणारे तुलनेने सशक्त भासतात. परिणामालाच कारण मानण्याचा हा दोष होय. शेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,७३५ ब्रिटिश पुरुषांच्या पाहणीवरून मृत्यूच्या प्रमाणासंबंधी हाच आक्षेप १९८८ साली मांडला.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा आहे. मोहाच्या दारूविषयी वहीपेन्सिल घेतलेल्या परक्याने विचारले, तर ‘नाही’ हे माहितीपेक्षा सावधगिरीचेच उत्तर असू शकते. शिवाय घरगुती दारूची तीव्रता ठराविक नसल्याने ‘एक पेला’ हे मापही अनिश्चितच.

म्हणून ‘बाबा, कधी घेत होतात का?’, ‘कधी सोडलीत?’ आणि ‘कशामुळे सोडलीत?’ असे तीन प्रश्न पृथक् विचारले पाहिजेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१८ साली केलेल्या वार्धक्यविषयक देशव्यापी पाहणीत आजन्म न पिणाऱ्यांचा वर्ग स्वतंत्र धरला आहे, हे येथे उल्लेखनीय आहे.

अतिमद्यपानाने स्नायू व मज्जातंतू क्षीण होतात, तोल जातो, हे सिद्ध आहे. ‘थोडी घेतली की अंगात बळ राहते’ ही समजूत मात्र लोकांत आहेच. सदोष प्रश्नावली तिला शास्त्राचा आधार मिळवून देईल, आणि त्याचे मोल डोंगर उतरणाऱ्या म्हाताऱ्या पायांना द्यावे लागेल.