लघुसृजनाचा माग : नारळीकरांचा विश्वसिद्धांत आणि औंढ्याचा शोधक

महास्फोटाला पर्याय म्हणून विसाव्या शतकात जे सिद्धांत पुढे आले, त्यांपैकी सर्वांत चिवटपणे लढवला गेलेला सिद्धांत जयंत नारळीकरांच्या नावाशी जोडलेला आहे, हे मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र त्या सिद्धांताने वर्तवलेल्या एका घटनेचा माग घेऊ शकेल असे यंत्र नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभे राहणार आहे, ही गोष्ट त्या सिद्धांताच्या चर्चेत क्वचितच येते.

या सिद्धांताचे मूळ असलेल्या, 1948 साली हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल यांनी मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांताचा गाभा असा, की दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असल्या तरी मधल्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून विश्वाची सरासरी घनता बदलत नाही आणि त्याला आरंभही मानावा लागत नाही. त्यासाठी लागणारे द्रव्य अगदी थोडे आहे : एका घनमीटरात अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा जेमतेम एखादा अणू. सगळे द्रव्य एकाच क्षणी आले असे म्हणायचे आणि ते कसे आले हा प्रश्न भौतिकीच्या कक्षेबाहेर ठेवायचा, हे हॉईल यांना मान्य नव्हते, आणि त्यांचा हा आक्षेप आजही निकाली निघालेला नाही.

सिद्धांतावरचा पहिला मोठा हल्ला केंब्रिजमधूनच झाला. मार्टिन राईल यांच्या गटाने आकाशातील रेडिओ स्रोतांची, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या दूरस्थ वस्तूंची, मोजदाद केली होती. जसजसे मंद स्रोत मोजावेत तसतशी त्यांची संख्या किती वेगाने वाढावी, याचा स्थिर स्थिती सिद्धांताने बांधलेला अंदाज ठाम होता, आणि राईल यांना प्रत्यक्षात वाढ त्याहून बरीच जास्त आढळली. याचा अर्थ दूरच्या, म्हणजेच प्राचीन काळच्या विश्वात असे स्रोत अधिक होते आणि विश्व बदलत आले आहे. फेब्रुवारी 1961मध्ये हे निष्कर्ष लंडनला मलार्ड कंपनीच्या कार्यालयात पत्रकारांपुढे जाहीर झाले, तेव्हा हॉईल यांना आमंत्रण देऊन तेथे बसवण्यात आले होते, पण निष्कर्षांची पूर्वकल्पना त्यांना देण्यात आली नव्हती. विद्वानांमधील मतभेद अशा रीतीने वृत्तपत्रांच्या हवाली करणे अनुचितच होते.

या निष्कर्षांना उत्तर रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत द्यायचे होते, आणि हॉईल यांचे त्या दिवशी दुसरीकडे व्याख्यान ठरलेले असल्याने ती जबाबदारी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यावर सोपवली. कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारसला वाढलेले नारळीकर त्या वेळी 22 वर्षांचे होते आणि संशोधनाला लागून त्यांना वर्षही झालेले नव्हते. दीर्घिका एकसारख्या विखुरलेल्या नसून सुमारे 16 कोटी प्रकाशवर्षे व्याप्तीच्या प्रचंड समूहांत गोळा झालेल्या असतील, तर राईल यांना दिसलेली वाढ विश्व न बदलताही संभवते, असा त्यांचा युक्तिवाद होता. एवढ्या मोठ्या समूहांची कल्पना त्या काळी फारशी कोणाला रुचली नाही. पुढे दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांच्यामधील पोकळ्या प्रत्यक्ष सापडल्या. मूळ वादात राईल यांचीच बाजू खरी ठरली, कारण रेडिओ स्रोत काळानुसार बदलत आले हे नंतरच्या मोजण्यांनी पक्के केले. पण हरलेल्या बाजूनेही विश्वाच्या रचनेविषयी काही खरे सांगितले होते, याची नोंद राहिली पाहिजे.

1965मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी सारखेच येणारे, महास्फोटाचा अवशेष मानले गेलेले सूक्ष्मतरंग प्रारण सापडले आणि सिद्धांताचे जुने रूप टिकले नाही. त्यातून वाचले ते द्रव्यनिर्मितीचे गणित. हॉईल आणि नारळीकर यांनी ‘सी’ नावाचे एक सृजनक्षेत्र गृहीत धरले होते, ज्याची ऊर्जा ऋण असते. द्रव्याचा कण जन्मताना जेवढी धन ऊर्जा जमा होते तेवढीच ऋण ऊर्जा या क्षेत्रात वाढते, त्यामुळे एकूण हिशेब शून्यच राहतो आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडत नाही. महास्फोटाच्या आरंभबिंदूपाशी जो नियम लागूच करता येत नाही, तो येथे अबाधित राहतो, आणि या सिद्धांताचे खरे सामर्थ्य त्यातच आहे.

1993 साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी याच पायावर ‘स्थिरवत स्थिती’चा सिद्धांत उभा केला. त्यात विश्व अतिदीर्घ काळात प्रसरण पावते, पण त्या प्रसरणावर सुमारे 40 ते 50 अब्ज वर्षांचे आकुंचन-प्रसरणाचे फेरे चढलेले असतात, आणि द्रव्य सर्वत्र झिरपण्याऐवजी दीर्घिकांच्या केंद्रांतील अतिघन, महाकाय वस्तूंजवळ उसळून बाहेर पडते. तेथील तीव्र गुरुत्वामुळे सृजनक्षेत्र निर्मितीचा उंबरठा ओलांडते, ग्रॅमच्या एक लाखांशाच्या आसपास वस्तुमानाचे कण जन्मतात, त्यांचे विघटन होऊन नेहमीचे द्रव्य बनते, आणि क्षेत्राच्या ऋण दाबामुळे ते द्रव्य बाहेर फेकले जाते. एका महास्फोटाऐवजी अशी असंख्य लघुसृजने या सिद्धांताला अभिप्रेत आहेत.

सूक्ष्मतरंग प्रारणाचे स्पष्टीकरण देताना मात्र सिद्धांताची ओढाताण झाली. आधीच्या फेऱ्यांतील ताऱ्यांचा प्रकाश, अतिनवताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर पडलेल्या लोखंडाच्या सुमारे मिलिमीटरभर लांबीच्या सुयांनी शोषून पुन्हा सोडला, असे त्यात मानले आहे. विश्वातील सगळा हेलियम ताऱ्यांतच तयार झाला असे धरल्यास बाहेर पडणारी ऊर्जा या प्रारणाच्या तापमानाशी जुळते, हा योगायोग खरोखर विचार करायला लावणारा आहे. तरीही प्रारणातील बारीक चढउतारांचे स्वरूप महास्फोटवाद्यांनी मोजणीच्या आधी वर्तवले होते आणि या सिद्धांताला ते नंतर जुळवून घ्यावे लागले, हा फरक निर्णायक मानावा लागतो.

बहुतेक समीक्षक येथेच थांबतात, पण सिद्धांताने वर्तवलेली सर्वांत वेगळी गोष्ट याच्या पुढे आहे. लघुसृजनातून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातील कंप, निघतील का, हा प्रश्न पॅट्रिक दासगुप्ता आणि नारळीकर यांनी 1993मध्येच विचारला होता. 2006 साली सरमा, बॅनर्जी, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील संजीव धुरंधर आणि नारळीकर यांनी एका शोधनिबंधात तो प्रत्यक्ष उपकरणांच्या क्षमतेपर्यंत नेला. यातील अडचण मूलभूत आहे : स्फोट सर्व दिशांना अगदी सारखा झाला तर त्यातून एकही गुरुत्वीय लहर निघत नाही. म्हणून द्रव्य झोताच्या रूपाने, अक्षाला धरून बाहेर पडते अशी प्रतिकृती त्यांनी घेतली. लहान वस्तुमानाच्या घटना जमिनीवरील शोधकांच्या, म्हणजे अशा लहरी टिपणाऱ्या यंत्रांच्या, आवाक्यात येतात, तर प्रचंड वस्तुमानाच्या घटनांच्या लहरी इतक्या संथ असतात की त्यांच्यासाठी अवकाशातील शोधकच हवा. चुकीचे ठरण्याची वाट स्वतःच खुली ठेवणारा हा निबंध नारळीकरांच्या कीर्तीपेक्षा कितीतरी कमी वाचला गेला आहे.

14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन शोधकांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली आणि तेव्हापासून मिळालेले संकेत एकमेकांत विलीन होणाऱ्या कृष्णविवरांचे व न्यूट्रॉन ताऱ्यांचे आहेत; लघुसृजनाचा म्हणता येईल असा एकही नाही. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2600 कोटी रुपयांच्या ‘लायगो-इंडिया’ला मंजुरी दिली, ज्याच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा औंढ्याजवळच्या जमिनीवर असतील. 20 मे 2025 रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले, तेव्हा तो शोधक उभा राहिलेला नव्हता. तो इतर शोधकांना जोडला गेल्यावर लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे आजच्यापेक्षा बरेच नेमके सांगता येईल, आणि विलीनीकरणाच्या साच्यात न बसणारा एखादा संकेत आलाच, तर त्या दिशेला सक्रिय केंद्र असलेली दीर्घिका आहे की नाही, हे दुर्बिणीने तपासणे शक्य होईल.