आधी लाकूड, मग रंग, शेवटी पॉलिश

कारंजा लाडच्या व्यापाऱ्याला मालाची ओल म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. येथील कापसाचा बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने सुरू झाला आणि देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद आहे. कापसात हात घातला की ओला माल कळतो आणि भाव तेथेच उतरतो. पण याच गावात घरच्या ओसरीवर दिवाण, टेबल, कपाट तयार करणारे आपले काही कारागीर बंधू लाकडाची ओल पाहत नाहीत आणि सारा भरवसा पॉलिशवर टाकतात.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. लग्नासाठी सांगितलेल्या एका दिवाणाला ऐन पावसाळ्यात घाईने पॉलिश झाले. दोन दिवसांत त्यावर पांढुरकी झाक आली, महिन्याभरात सांधे उघडले आणि गिऱ्हाइकाने उरलेले पैसे दिले नाहीत. लाकूड चांगले होते, सुतारकामही चांगले होते. मजुरी गेली ती शेवटच्या चार दिवसांत. ते चार दिवस कसे वापरावेत, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

लाकूड वाळले की नाही?

चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचाव्यात. एका फळीचा तुकडा दर आठवड्याला काट्यावर तोलावा. वजन उतरणे थांबले की लाकूड वाळले असे समजावे. घरातल्या फर्निचरसाठी लाकडातील ओल साधारण १० ते १२ टक्के असावी. ओल्या लाकडावर पॉलिश केले तर ओल आतच अडकते आणि नंतर बाहेर पडताना वरचा थर उचलते.

घासकाम

रंध्याच्या खुणा आधी ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढाव्यात, मग १५० आणि शेवटी २२० नंबर वापरावा. घासायचे ते नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासलेले ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, रंग लागताच ते उठून दिसतात. सांध्यातून बाहेर आलेला फेव्हिकॉल ओला असतानाच पुसावा, कारण तो वाळला की त्या जागी रंग शिरत नाही आणि फिका डाग राहतो. खिळ्यांची भोके लांबीने भरावीत. लांबी खडूची भुकटी, गेरू आणि पिवडी मिसळून लाकडाच्याच रंगाची करावी.

रंग कोणता?

रंग लाकडाच्या अंगावर बसतो, म्हणून एकच रंग सागवान, बाभूळ आणि आंब्यावर तीन तऱ्हांचा दिसतो. सागवानाला मुळात सोनेरी तांबूस छटा असते, त्याला रंग कमीच लागतो. आंब्याचे लाकूड फिके असते व ते रंग कमीजास्त शोषते, म्हणून त्यावर आधी लाखेचा पातळ हात द्यावा, म्हणजे ठिपके पडत नाहीत. बाभळीची साल कातडे कमावायला वापरतात हे सर्वांस ठाऊक आहे. तोच तुरटपणा तिच्या लाकडातही असतो. ओल्या लाकडाला लोखंड लागले की काळे डाग पडतात. अशा लाकडाला पितळी स्क्रू वापरलेले बरे.

पाण्यातला रंग स्वस्त पडतो, पण पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. त्यासाठी आधी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, २४० नंबरने हलकेच घासावे आणि मग रंग लावावा. स्पिरिटमधला रंग झटपट वाळतो, त्यामुळे हात सफाईने चालवावा लागतो. तेलातला रंग सावकाश वाळतो. त्यावर पुढचा हात देण्यापूर्वी एक दिवस थांबावे. कोणताही रंग लावला तरी जास्तीचा लगेच पुसून काढावा. फळीच्या टोकाकडील कापलेला भाग रंग अधिक पितो, तेथे हात हलका ठेवावा.

लाखेचे पॉलिश

पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरील किड्यांपासून लाख मिळते. रांची येथे १९२४ पासून तिच्यावर संशोधन चालत आले आहे. एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम चपडा लाख काचेच्या बरणीत रात्रभर भिजवावी, अधूनमधून हलवावी आणि मलमलीतून गाळावी. लोखंडी डब्यात ठेवली तर ती काळवंडते. विस्तवावर ती कधीही गरम करू नये. जुने झालेले पॉलिश वाळत नाही व चिकट राहते, म्हणून एका वेळी थोडेच करावे.

मलमलीत कापूस बांधून बोळा करावा. बोळा सरकेनासा झाला तर त्याला जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावावा. पातळ हात अनेक द्यावेत, जाड हात एकही देऊ नये. मधून ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवावा. दमट हवेत पांढुरकी झाक येते, तेव्हा पावसाच्या दिवशी काम थांबवावे. झाक आलीच तर कोरड्या हवेत थोड्या स्पिरिटच्या बोळ्याने ती बहुधा जाते.

लाखेची शोभा मोठी, पण गरम कपाने तिच्यावर पांढरे वर्तुळ उठते आणि हात धुण्याच्या सॅनिटायझरनेही ती विरघळते. म्हणून जेवणाच्या टेबलाला मेलामाइन किंवा पीयू द्यावे. त्यात हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच मिसळावा, आणि एका जातीचा थिनर दुसऱ्या जातीत घालू नये. त्यांची वाफ छातीला बाधते, तेव्हा दारे-खिडक्या उघड्या हव्यात व त्या वाफेसाठी असलेला मास्क हवा. साधा रुमाल कामाचा नाही.

एक इशारा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेतात. ती पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवूनच टाकावीत.

नमुना आणि पावती

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. त्याच लाकडाच्या तुकड्यावर रंग आणि पॉलिशचे सगळे हात देऊन नमुना करावा. गिऱ्हाइकाला तो दिवसाच्या उजेडात दाखवावा आणि मागे त्याची सही घ्यावी. रंगावरून होणारा पुढचा वाद तेथेच मिटतो. पावतीवर लाकडाचे खरे नाव आणि पॉलिशची जात लिहावी. आंब्याला सागवानी रंग देणे हा हुन्नर आहे, पण तो सागवान म्हणून विकणे ही फसवणूक आहे आणि पहिल्या ओरखड्यातच ती उघडी पडते.

तयार फर्निचरच्या दुकानाशी किमतीत टक्कर देणे घरच्या कारागिराला अवघड आहे. पण आपल्या मापाचे, ओळखीच्या लाकडाचे आणि डाग पडला तर पुन्हा उजळून मिळेल असे फर्निचर तोच देऊ शकतो. त्याची रोजी याच भरवशावर उभी आहे.