चेतापेशींचा नियोजित मृत्यू

मज्जासंस्था घडत असताना गरजेपेक्षा जास्त चेतापेशी तयार होतात आणि त्यांतल्या बऱ्याच वाढीच्या काळातच मरतात. कोंबडीच्या गर्भात हे स्पष्ट मोजता येते. मज्जारज्जूच्या कमरेच्या भागात एका बाजूला, पायाचे स्नायू हलवणाऱ्या सुमारे २०,००० चेतापेशी तयार होतात. पिल्लू अंड्याबाहेर येण्याच्या बरेच आधी त्यांपैकी सुमारे १२,००० उरतात.

पंखाचा अंकुर लवकर कापून टाकला, तर त्या बाजूच्या चेतापेशी बऱ्याच कमी होतात, हे व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३४ मध्ये दाखवले होते. अवयव नसल्याने नव्या पेशी घडवण्याचा संदेशच मिळत नाही, असा त्यांचा अर्थ होता. इटलीतील वंशभेदी कायद्यांमुळे संशोधनसंस्थेबाहेर पडलेल्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी असाच प्रयोग तुरीनमध्ये घरातल्या झोपायच्या खोलीत केला. रोजच्या रोज गर्भाचे पातळ छेद तपासल्यावर त्यांना दिसले की पेशी नीट तयार होतात, तंतूही बाहेर पाठवतात आणि मग मरतात. पुढे सेंट लुईसमध्ये दोघांनी मिळून हे पक्के केले. रोज पाहण्याच्या या चिकाटीनेच जुना अर्थ बदलला.

जगण्याची परवानगी जणू स्नायूकडून येते. चेतातंतूंची टोके जिथे पोहोचतात तिथल्या ऊती वाढघटक नावाची प्रथिने मोजकीच स्रवतात. त्यांच्यासाठी पेशींमध्ये स्पर्धा होते; ज्या पेशीला ती पुरेशी मिळतात ती टिकते. चेतावृद्धी घटक हे असे पहिले सापडलेले प्रथिन. त्यासाठी लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. मात्र पायाचे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना जगवणारी प्रथिने वेगळी आहेत.

संदेश थांबला की पेशीतील मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडते, कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि पेशीतली प्रथिने तोडू लागतात. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. त्यामुळे सूज येत नाही.

सी. एलिगन्स या सूत्रकृमीत मात्र अशा स्पर्धेला वाव नाही. त्याच्या शरीरात तयार होणाऱ्या १,०९० कायिक पेशींपैकी नेमक्या १३१ मरतात, त्यांतल्या बहुतेक चेतापेशी, आणि कोणत्या मरणार हे आधीच ठरलेले असते. ही यंत्रणा चालवणारी जनुके त्याच्यातच प्रथम सापडली.

हा मृत्यू थांबला तर काय होते, ते उंदरांत दिसते. कॅस्पेज-९ नसलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींची बेसुमार गर्दी होते आणि त्यांतले बहुतेक उंदीर जन्माच्या आधी किंवा लगेच नंतर मरतात.