आजाऱ्याची सेवा आणि स्वतःचे आजारपण

घरातील वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की कर्त्या माणसाला स्वतःकडे पाहण्यास सवड राहत नाही. स्वतःचे दुखणे तो अंगावर काढतो आणि त्यालाच सेवा समजतो. ही समजूत चुकीची आहे, हे मी अनुभवाने शिकलो. समाजबांधवांना व विद्यार्थी मित्रांना उपयोग व्हावा म्हणून हा लेखप्रपंच.

माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचे निदान झाले. रोग पुढे गेला आहे, आता त्रास कमी करणे एवढेच हाती आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही दादांना नांदगावला घरी आणले. त्याच सुमारास मला जांघेत हर्निया असल्याचे कळले होते व ऑपरेशन लवकर उरकून घ्या, असा सल्लाही मिळाला होता. मी घरात कोणालाच बोललो नाही. दादांना उचलणे, कुशीवर वळवणे, संडासला नेणे हे सारे मीच करीत राहिलो.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्षू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले आणि मग रोग्याची सेवा ही आपलीच सेवा आहे, असे संघाला समजावले. तेथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: औषध देता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, घाणीची किळस न बाळगणे आणि रोग्याला धीर देणे. पण त्याच ठिकाणी रोग्याचेही पाच गुण आहेत. पथ्य पाळणे, त्यातही प्रमाण ओळखणे, औषध घेणे, वेदना सोसणे आणि शुश्रूषा करणाऱ्यापासून आपला आजार न लपवता खरा सांगणे.

शुश्रूषेच्या पेपरात मी कसाबसा उत्तीर्ण झालो असेन. रोग्याच्या पेपरात मात्र साफ नापास झालो.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीचा एखादा भाग कमजोर होऊन आतडे वा चरबी त्यातून बाहेर येणे. वजन उचलताना, कुंथताना, खोकताना पोटातील दाब वाढतो आणि फुगवटा वाढतो. आतडे त्यात अडकले तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. फुगवटा आत न जाणे, तीव्र वेदना आणि उलट्या ही त्याची लक्षणे. मग एक तासही दवडू नये. माझे नेमके तेच झाले. एका रात्री मलाच नाशिकला हलवावे लागले. ठरवून केले असते तर एक-दोन दिवसांत घरी आलो असतो. तातडीच्या ऑपरेशनमुळे नऊ दिवस दवाखान्यात राहिलो. दादांच्या शेवटच्या दिवसांतील ते नऊ दिवस मला परत मिळणार नाहीत. मी घरी आल्यावर दोन दिवसांनी ते गेले.

बाबासाहेबांच्या चरित्रात असाच चटका लावणारा प्रसंग आहे. १९१३ च्या आरंभी ते बडोद्यास नोकरीवर असताना सुभेदार रामजी अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईस येताना वडिलांसाठी मिठाई घेण्यास ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा वडिलांचे डोळे त्यांच्याच वाटेकडे लागलेले होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. गाडी चुकणे कोणाच्या हाती नसते. माझा उशीर माझ्या हातचा होता, हा फरक मी विसरू शकत नाही.

म्हणून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, कामाची वाटणी करा. मी दवाखान्यात असताना माझी पत्नी, ताई आणि शेजारची दोन मुले यांनी दादांचे सारे केले. माझ्यावाचून काही अडले नाही. दर दोन तासांनी कूस बदलली तर शय्याव्रण टाळण्यास मदत होते. एकट्याने उचलू नये. खाली दुहेरी चादर घालून दोघांनी सरकवावे.

दुसरी, रोग बरा होणार नाही म्हणजे उपचार संपले असे नव्हे. वेदना शमविणे हाही उपचारच. मुंबईत शांती आवेदना सदन १९८६ पासून याच कामासाठी उभे आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन देतात. त्याला भिऊ नये. अखेरीस भूक मंदावते, तेव्हा बळेच भरवू नये. ओठ ओले ठेवावेत.

तिसरी माझ्या बँकेतल्या कामाची. खातेदार शुद्धीवर असतानाच वारसाचे नामनिर्देशन पाहून घ्यावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात. मात्र नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. तिने रक्कम खऱ्या वारसांसाठी सांभाळायची असते. आजाऱ्याला सही करता येत नसेल तर अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात; त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. अत्यवस्थ माणसाला रिक्षात घालून बँकेत आणलेले मी पाहिले आहे. तसे करू नका, शाखेत येऊन विचारा. आणि माणूस गेल्यावर त्याच्या कार्डाने पैसे काढू नका. पुढे वारसांतच भांडणे लागतात.

शेवटची गोष्ट विद्यार्थी मित्रांसाठी. आपले आई-वडील दुखणे लपवतात, कारण त्यांना तुमच्या परीक्षेची काळजी असते. त्यांना आज घरी गेल्यावर एकदा विचारा. नाशिकहून परतलो तेव्हा दादांना बोलवत नव्हते. त्यांनी माझ्या पोटावरच्या पट्टीकडे बोट दाखवले आणि हाताने विचारले, सांगितले का नाहीस? त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.