शय्याव्रण : दाब आणि वेळ यांचे गणित

लाकडी बाकावर बसलो की आपण सारखी चुळबुळ करतो. गुरुजी रागावतात, पण या चुळबुळीनेच आपली त्वचा शाबूत राहते. एकाच जागी भार राहिला, की तेथील रक्तपुरवठा अडतो. मज्जातंतू मेंदूला निरोप देतात आणि आपण नकळत अंग हलवतो.

अपघातात पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तुटला, की कमरेखालची हालचाल आणि संवेदना दोन्ही जातात. निरोप पोचतच नाही. दबलेली त्वचा व स्नायू रक्तावाचून मरतात. हाच शय्याव्रण.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, बसलेल्या माणसाचा ४०० न्यूटन भार बैठकीच्या हाडांखालील १०० चौ. सें.मी. जागेवर पडला. दाब होईल ४०,००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ३०० मि.मी. स्तंभाइतका! १९३० साली युजीन लँडिस यांनी नखाजवळील केशवाहिन्यांतील दाब मोजला. रोहिणीकडील टोकाला तो सुमारे ३२ मि.मी. भरला. मऊ गादीने तोच भार १,००० चौ. सें.मी.वर पसरला, तर दाब ३० मि.मी.वर येईल. प्रत्यक्षात मात्र भार इतका सारखा पसरत नाही. म्हणून दाबाबरोबर वेळही कमी करावा लागतो.

इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ पासून लुडविग गुटमान यांनी हेच केले. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. त्यापूर्वी असे बहुतेक रुग्ण व्रणांतील वा मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने दगावत.

भरलेला व्रण पुन्हा का होतो? तेथे आलेला वण मूळ त्वचेइतका बळकट नसतो आणि संवेदना तर परतलेलीच नसते. उपचारात मृत भाग काढतात, जंतुसंसर्ग आवरतात, प्रथिनयुक्त आहार देतात. खोल जखमेवर शल्यविशारद शेजारची त्वचा व स्नायू रक्तवाहिन्यांसह सरकवून बसवतात. त्यानंतर काही आठवडे त्या जागेवर भार द्यायचा नाही. मग बसण्याचा वेळ हळूहळू वाढवायचा. खुर्चीत अधूनमधून पुढे वाकायचे, घसरून बसायचे नाही. फुगवलेली रबरी कडी टाळायची. तिची कडा भोवतालचा रक्तप्रवाहच दाबते.

तुमच्या घरी वा शेजारी असा रुग्ण असेल, तर त्याची त्वचा रोज पाहा. रुग्णाला स्वतः आरशात पाहता येते. दाब काढल्यावरही लाल वा काळसर डाग जात नसेल, तर तेथील भार लगेच दूर ठेवून डॉक्टरांना दाखवा. हरवलेल्या संवेदनेचे काम डोळ्यांनी आणि घड्याळानेच करायचे असते.